खांद्यातल्या लाह्या

"डॉक्टर, तुमचं कधी चुकतं का?"

मैत्रिणींनी पैज लावली होती, विचारून दाखव. दाखवलं! बाबांनी मला असा चिमटा काढला की बस. पण मला उत्तर खरंच हवं होतं. आईचा खांदा दुखत होता, एक्स-रेमध्ये दंडाच्या हाडात गाठ दिसली होती आणि ती साधी की कॅन्सरची, हे या डॉक्टरबाई सांगणार होत्या. आठवडाभर बाबा आईला चहाचा कपसुद्धा उचलू देत नव्हते.

बाई हसल्या. "चुकतं की! म्हणून मी आधी स्वतःशीच भांडते. ये इकडे. काय दिसतंय?"

मी एक्स-रेच्या पडद्याला जवळजवळ नाकच लावलं. "लाह्या! मक्याच्या."

"शाब्बास. कूर्चेची, म्हणजे नाकाच्या शेंड्यात असतं तसल्या मऊ हाडाची गाठ अशीच दिसते. रक्त न पोचून हाडाचा तुकडा मेला असता, तर कडेने नागमोडी रेघ दिसली असती. आता भांडण. समज, गाठ वाईट आहे. काय करेल ती?"

"हाड खाईल?"

"आतून कुरतडेल. शोध बरं."

मी हाडाची भिंत वरपासून खालपर्यंत धुंडाळली. कुठ्ठेच कुरतडलेलं नव्हतं. "मग आईला दुखतंय कशाने?"

बाई उठल्या. गाठीच्या जागी त्यांनी आईचा दंड दाबून पाहिला. "इथे नाही दुखत," आई म्हणाली.

"रात्री पडल्या पडल्या दुखतं?"

"नाही हो."

मग हात वर करायला लावला. अर्ध्यावरच आई ओरडली, "आई गं!"

"सापडला चोर! गाठ दुखत असती तर दाबल्यावर, पडल्या पडल्याही दुखलं असतं; हात उचलतानाच दुखतं, म्हणजे खांद्याचा स्नायू सुजलाय. गाठ बिचारी कित्येक वर्षं गुपचूप बसली असेल, फोटो काढला म्हणून दिसली."

आमच्या घरात आठवडाभर सगळे त्या गाठीलाच शिव्या घालत होते, आणि तिने काही केलंच नव्हतं! काय डोकं आहे बाईंचं! मी आ वासून बघतच राहिले.

"सहा महिन्यांनी पुन्हा फोटो काढू," त्या म्हणाल्या.

बाबांचा चेहरा पडला. "म्हणजे खात्री नाही?"

"आहे ना. पण तुमच्या लेकीने काय विचारलं, ते विसरून कसं चालेल?"

बाहेर येताच आई बाबांच्या हातातून स्वतःची पर्स हिसकावू लागली. बाबा सोडेनात. मी दोघांच्या मध्ये घुसले.

"ऐका! सहा महिन्यांनी आईबरोबर आत मी जाणार. फोटो आधी मी वाचणार, मग डॉक्टर. बाबा, तुम्ही बाहेर बसायचं. आणि हो, अकरावीला सायन्स. ठरलं!"