भिंतीकडे तोंड करून

संमोहनाच्या डॉक्टरांकडे जाण्याआधी इंदुताईंना एकदा निवांत बसून विचार करायचा होता, की तिथं आपल्याला नेमकं काय

टण.

आले हो, आले.

नवऱ्याला, एकनाथरावांना, उशी उंच हवी होती. लकव्यानं त्यांची जीभ जड झाली तेव्हा मुलानं, चेतननं, देव्हाऱ्यातली पितळी घंटा उचलून त्यांच्या उशाशी ठेवली होती. चिक्कडपल्लीच्या त्या घरात तेव्हापासून उलटाच प्रकार चाले. देव घंटा वाजवी आणि भक्त धावे.

उशी उंच झाली. तर विचार असा, की कमरेतून डाव्या पायात मुंग्या उतरत होत्या, आणि हल्ली चप्पल मागे राहून पाऊलच पुढे जाई. सर्जन म्हणाले, एमआरआय झाल्याशिवाय मी हात लावणार नाही, आणि उशीर केलात तर पाय लुळा पडेल. इंदुताई दोनदा त्या नळीत गेल्या आणि दोन्हीदा किंचाळत बाहेर आल्या. पाय गेला तर घंटेला धावायचं कोणी? म्हणून संमोहन. आबिड्समध्ये एक डॉक्टरीणबाई असली भीती कमी करतात, हे सुनेनं, रुपालीनं, शोधून काढलं होतं.

"जाऊ नको गं, इंदू," शेजारच्या कुसुमताई म्हणाल्या. "डोळ्यापुढं घड्याळ हलवतात, माणूस बेसुद्ध. मग विचारतील ते पोपटासारखं बोलत सुटतं. माझ्या नणंदेच्या जावेनं दागिने कुठं लपवले तेसुद्धा सांगून टाकलं. नवऱ्यासमोर!"

"माझ्याकडं कुठले आलेत दागिने?"

"दागिने नसले तरी पोटात काहीतरी असतंच की."

होतं. ते काय होतं, तर

टण.

चहा. कोमट, बशीत ओतून. अर्धा बनियनवर. बनियन बदलला.

तर ते असं होतं. गेल्या उन्हाळ्यात एकनाथरावांचं अंग पुसताना इंदुताईंच्या मनात आलं होतं, सुटले तर बरं. कोण सुटलं तर, ते मनानं सांगितलं नाही, इंदुताईंनीही विचारलं नाही. पण ते आत होतं. बेसुद्धीत ते सुनेच्या कानावर गेलं तर? पायाच्या भीतीहून ही मोठी. नळीच्याही.

*

डॉक्टरीणबाई तेलुगू होत्या. घड्याळ भिंतीवर होतं, आणि बंद पडलेलं होतं.

"बहू बाहर बैठे क्या, अम्मा?"

बाहेर बस, असं रुपालीला कसं सांगायचं? ऑफिसातून रजा काढून आलेली पोर. "रैने दो," इंदुताई म्हणाल्या, आणि म्हणताक्षणी पस्तावल्या.

"आंखां बंद करो. सांस लंबी लेओ. बदन ढीला."

झोप लागली तर बोलून बसू, तेव्हा झोपायचं नाही. पण बाई एवढ्या गोड आवाजात मेहनत घेताहेत, त्यांना वाईट तरी कशाला वाटू द्यायचं? मग इंदुताईंनी त्यांना चांगलं येत होतं तेच केलं. घरी दुपारी भिंतीकडं तोंड करून पडलं की त्या हेच करायच्या. श्वास जड सोडायचा, ओठ जरा विलग, बोटं सैल. घंटा वाजली तरी पापणी हलू द्यायची नाही. दिवसभरातली तेवढीच त्यांची स्वतःची वेळ.

"अम्मा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नींद का नाटक बोत अच्छा करते आप."

रुपालीला हसू फुटलं. "आई, घरीपण तुम्ही असंच करता."

इंदुताईंनी डोळे उघडले. "तुला कळतं?"

"पहिल्यापासून. खऱ्या झोपलात की तुम्ही घोरता. खोट्या झोपलात की घोरत नाही. तेव्हा मग घंटेला मी उठते."

लाजावं की रडावं, इंदुताईंना कळेना. दोन्हीला लागणारं त्राण अंगात नव्हतं.

"इसमें सोना नईं रैता, अम्मा," डॉक्टरीणबाई सांगत होत्या. "सब सुनाई देता. जो नईं बोलना, वो नईं बोलते आप. चाबी मेरे पास नईं, आपके पास. डर पूरा जाएगा, ऐसा भी नईं बोलती मैं. छोटा होता."

"फिर करना क्या?"

"ऐसी जगह सोचो, जहां आपको कोई बुलाता नईं."

इंदुताईंनी पुन्हा डोळे मिटले आणि शोधलं. माहेर? तिथं धाकटी भावंडं हाका मारत. न्हाणीघर? घंटा तिथवर ऐकू येते. देऊळ? तिथं तर

नको.

"नईं मिली," त्या म्हणाल्या.

"ढूंढते रहो. जल्दी नईं."

इंदुताई पुढेही तिथं जात राहिल्या. श्वास लांबवायला शिकल्या, जबडा सैल सोडायला शिकल्या. जागा मात्र सापडली नाही.

*

एमआरआयच्या दिवशी तंत्रज्ञानं त्यांच्या हातात एक रबरी फुगा दिला. "डर लगे तो ये दबाओ, अम्मा. हम भागते आते."

आधीच्या दोन्ही वेळी तो फुगा त्यांनी घाबरून दाबला होता. आज त्या हातातल्या फुग्याकडं बघत राहिल्या, कारण ही तर घंटाच होती, आणि ती त्यांच्या हातात असल्याचं आज पहिल्यांदा ध्यानात आलं, आणि नळीत सरकवल्यावर बेगम बाजारात भांडी ठोकावीत तसा दणदणाट सुरू झाला, भीती आलीच, पण मांजरासारखी पायाशी बसून राहिली, आणि त्या दणदणाटात कुणाचीच हाक पोचणार नव्हती, उशीची नाही, चहाची नाही, कुणी आत येऊ शकत नव्हतं, त्यांनी हलूही नये असा इथला नियमच होता, तेव्हा त्यांनी तो विचार हळूच बाहेर काढला, सुटले तर बरं, आणि नीट पाहिलं तर त्यात मरण कुणाचंच नव्हतं, नुसती एक दमलेली बाई भिंतीकडं तोंड करून पडली होती, आणि हा सगळा विचार त्या शेवटपर्यंत, मध्ये न तुटता, करू शकल्या.

फळी बाहेर सरकली. कानांवरचे हेडफोन काढले गेले.

"हो गया, अम्मा. उठो."

फुगा मुठीत तसाच होता, न दाबलेला. इंदुताई हलल्या नाहीत.

"अम्मा? मॅडम, ये उठ नईं रे!"

दारातून रुपालीचा आवाज आला, जरा घाबरलेला. "घोर रए क्या, देखो."

इंदुताईंनी ते ऐकलं. सगळं ऐकू येतं, बाई म्हणाल्याच होत्या.

त्या घोरल्या.

"मग राहू दे थोडा वेळ," रुपाली म्हणाली. मराठीतच म्हणाली.