ईलिंगच्या रिंगमधली तडकलेली घंटा

मी एक जुनी घंटा आहे. देवळातली नव्हे आणि शाळेतलीही नव्हे. मी कुस्तीच्या रिंगची घंटा, ताटलीएवढी, पितळेची, लाकडी पाटावर बसवलेली. माझ्या जोडीला एक छोटा हातोडा असतो. सामना सुरू करायला एक ठोका आणि संपवायला ठोक्यांचा धडाका, एवढंच माझं काम. मधल्या वेळात मात्र मी तोंड मिटून बसायचं. मित्रांनो, हे तोंड मिटून बसणं मला कधीच आवडलं नाही, पण घंटेला विचारतं कोण?

माझा जन्म जपानमधला. समुद्राकाठच्या एका गावात ओताऱ्याचं घर होतं. तिथे वितळलेलं पितळ वाळूच्या साच्यात ओतलं, निवल्यावर साचा फोडला, आणि म्हाताऱ्या ओताऱ्याने मला टिचकी मारून पाहिली. माझा आवाज ऐकून तो खुदकन हसला. त्या दिवसापासून मला माझ्या आवाजाचा थोडा गर्व आहे. आता तो आवाज उरला नाही, तरी गर्व काही जात नाही.

जपानमध्ये मी बायकांच्या कुस्तीच्या एका छोट्या कंपनीत वाढले. सुपरमार्केटच्या वरच्या मजल्यावरचा एक हॉल, त्यात घडीच्या खुर्च्या, आणि दर रविवारी येणारे तेच ते चेहरे. तिथे एक गोड रीत आहे. कुस्तीगिराचं नाव पुकारलं की प्रेक्षक रंगीत कागदी फिती रिंगमध्ये फेकतात. सगळी रिंग लाल-पिवळी होऊन जाते, मग त्या फिती पटापट गोळा करतात आणि माझ्यावर ठोका पडतो. पुढे ती कंपनी बंद पडली. तिथे कुस्ती शिकायला आलेला लंडनचा इंद्रजित परत निघाला, तेव्हा निरोपाची भेट म्हणून त्यांनी मला त्याच्या हाती दिलं.

इंद्रजितने लंडनच्या ईलिंग भागात आपली छोटी कंपनी काढली. कम्युनिटी हॉल भाड्याने घ्यायचा, व्हॅनमधून रिंग आणून जोडायची, रेफरी स्वतःच व्हायचं. कुस्ती अगदी जपानी पद्धतीची, फितींसकट. एरवी त्या हॉलमध्ये बॅडमिंटन आणि लग्नाची रिसेप्शनं चालायची, त्यामुळे कधीकधी रिंगखाली झेंडूच्या पाकळ्या सापडत.

ही कुस्ती आपल्या मातीतल्या कुस्तीसारखी नसते. कोण जिंकणार हे आधीच ठरलेलं असतं. काही लोक नाक मुरडतात आणि म्हणतात, सगळं खोटं आहे. त्यांनी एकदा त्या फळ्यांवर पाठ टाकून बघावी. पडायचं आधी ठरलेलं असलं, तरी पडावं लागतंच, आणि फळ्यांना काही ते ठरलेलं माहीत नसतं.

हातोडा होता भगवानरावांच्या हाती. मूळचे नागपूरचे, लंडनजवळच्या मेडनहेडला घर, सगळी नोकरी रेल्वेच्या सिग्नल विभागात काढलेली. सिग्नल मिळाल्याशिवाय काही हलवायचं नाही, हा त्यांचा पिंडच झाला होता. त्यांची मुलगी कल्याणी इंद्रजितच्या कंपनीतली सगळ्यांत चांगली कुस्तीगीर. आठवडाभर ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसायची आणि रविवारी माणसं उचलून आपटायची. आई गेल्यापासून घरात दोघंच. मुलगी पडते ते बघवत नाही, आणि घरी बसून राहिलं तर जीव अजूनच टांगणीला लागतो, म्हणून भगवानरावांनी माझ्या शेजारची खुर्ची धरली होती.

सामन्याआधी ते मला मऊ फडक्याने पुसत आणि पुसता पुसता मराठीत बोलत. माझं मराठी तेवढ्यावरच पोसलं. एकदा ते म्हणाले होते की, कल्याणी लहानपणी नुसतं खरचटलं तरी अख्खी गल्ली डोक्यावर घ्यायची, पण बागेतल्या घसरगुंडीवरून पडून मनगट मोडलं तेव्हा हूं की चूं केलं नाही. खरं लागलं की ही पोर गप्प होते, असं ते म्हणाले. मी ऐकून ठेवलं. आम्हाला ऐकण्याशिवाय दुसरं काय जमतं?

एकदा मात्र भगवानरावांचा पिंड ढळला होता. कल्याणी रिंगबाहेर कोसळली, किंचाळली, आणि यांनी घाबरून मला बडवलं. तिला काहीच झालं नव्हतं, ते किंचाळणंही ठरलेलं होतं. सामना मध्येच संपला, लोक खो खो हसले. घरी जाताना ती व्हॅनमध्ये वडिलांकडे पाठ करून बसली.

आणि मग ती संध्याकाळ आली.

जपानहून मियुकी ताकेनाका आली होती. माझ्या जुन्या हॉलमधली ती थोर कुस्तीगीर, ती कोवळी पोर होती तेव्हापासून मी तिला ओळखत होते. आता ती तिथल्या दुसऱ्या एका कंपनीत शिकवायची. कल्याणीशी लढून बघायचं आणि आवडली तर तिला वर्षभरासाठी जपानला न्यायचं, असं ठरलं होतं. कल्याणीने लहानपणापासून दुसरं कुठलं स्वप्नच पाहिलं नव्हतं. सामन्याआधी ती माझ्या टेबलापाशी आली. कपाळावर घाम होता आणि हात थंडगार होते; मला ते कळलं, कारण तिने एक हात माझ्यावर ठेवला होता.

"बाबा, प्लीज," ती आपल्या इंग्रजाळलेल्या मराठीत म्हणाली. "इंद्रजितदादाने सिग्नल दिला नाही तर बेल नाही वाजवायचा. काहीही झालं तरी. हा माझी एकच चान्स आहे. प्रॉमिस करा."

भगवानरावांनी प्रॉमिस केलं. माझ्या पाटावर हात ठेवूनच केलं.

नावं पुकारली गेली. कल्याणीसाठी इतक्या फिती आल्या की ती गुडघ्यापर्यंत त्यांत बुडाली. माझ्यावर ठोका पडला. काय लढल्या त्या दोघी! मियुकी दमलेली दिसत होती आणि हसतही होती, म्हणजे पोरगी तिला आवडली होती. मी मनातल्या मनात कल्याणीला जपानला पोहोचवूनही आले.

मग मियुकीने तिला कमरेत धरून मागे उलथवलं. हे ठरलेलंच होतं. पाठ सपाट पडली की फळ्या भरदार धाड असा आवाज करतात. आवाजातलं मला कळतं, मित्रांनो, मी आवाजासाठीच जन्मले. या वेळी धाड झालं नाही. आखूड, कोरडा ठक् असा आवाज आला. ती मानेवर पडली होती.

पुढचं ठरलेलं असं होतं की, मियुकीने तिला पालथी करून पाठीवर बसायचं, दोन्ही हात हनुवटीखाली घालून मान मागे खेचायची. कल्याणीने मोठमोठ्याने ओरडायचं, हात लांब करत करत दोरापर्यंत सरकायचं. दोराला हात लागला की पकड सोडावी लागते. आणि खरंच सोसेनासं झालं तर हाताने फळी थोपटायची. त्याला टॅप म्हणतात. टॅप केलं की रेफरी इशारा करतो आणि मी वाजते.

मियुकी पाठीवर बसली. तिने हनुवटी धरली आणि खेचली.

कल्याणी ओरडली नाही. तिचा हात दोराकडे गेला नाही. फळीवरही आपटला नाही. तो नुसता पडून होता, दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा.

आणि लोक? लोकांना वाटलं, काय धीराची पोरगी आहे! ते उभे राहून टाळ्या वाजवू लागले, तिचं नाव घेऊन ओरडू लागले, हार मानू नकोस म्हणू लागले. इंद्रजित तिच्या तोंडाशी वाकून विचारत होता, गिव्ह अप? हनुवटी दाबलेली माणसं कशी बोलणार? त्याला वाटलं, ती रंग भरते आहे. मियुकीला वाटलं, पोरगी दम धरून आहे, आपणही धरू. तिने अजून थोडं खेचलं. ज्यांना तिला वाचवता आलं असतं, ती सगळी माणसं त्या क्षणी तिचं कौतुक करत होती.

मी काय करू? मी पाटावर खिळलेली. माझ्या पोटात ठोका साठला होता. वाजवा मला, मी मनात ओरडत होते, अहो भगवानराव, वाजवा! ती गप्प आहे, तुम्हीच सांगितलं होतंत ना मला? पण मी पितळ. कुणी मारल्याशिवाय माझ्यातून श्वाससुद्धा निघत नाही. एवढी असहाय मी साच्यातही नव्हते.

भगवानरावांचा हात हातोड्यावर होता. ते एकदा इंद्रजितकडे बघत, एकदा तिच्याकडे. सिग्नल नव्हता. मागचं हसू त्यांच्या कानात असणार. प्रॉमिसही असणार. मुलीचं सगळं आयुष्य दोन्ही बाजूंना होतं, वाजवलं तरी जाणार आणि न वाजवलं तरी जाणार. मग कल्याणीचे डोळे आमच्या टेबलाकडे वळले. त्या डोळ्यांत पाणी नव्हतं, राग नव्हता, काहीच नव्हतं.

"गप्प आहे ती," भगवानराव पुटपुटले, आणि त्यांनी मला मारलं.

मियुकीचे हात तत्काळ सुटले. घंटा वाजली की पकड सुटते, हे तिच्या हाडांत मुरलेलं होतं. पण इंद्रजितने संतापून आमच्याकडे पाहिलं, चूक झाली अशी खूण केली आणि सामना चालू ठेवायला सांगितलं. लोकांनी शिट्ट्या मारल्या, कुणी तरी रिकामा कप फेकला. मियुकी गोंधळून पुन्हा वाकली. तेव्हा भगवानरावांनी मला मारायला सुरुवात केली. एकावर एक, थांबायचं नावच नाही. मीही जेवढा आवाज होता तेवढा दिला. शेवटी कड् असं झालं आणि माझ्या अंगात काठापासून मध्यापर्यंत तडा गेला. तोवर इंद्रजितने कल्याणीचा हात उचलून पाहिला होता. तो हात खाली पडला, आणि शिट्ट्या थांबल्या.

कुणी हलवू नका, असं इंद्रजित ओरडत राहिला. अॅम्ब्युलन्स येईपर्यंत मियुकी रिंगमध्ये गुडघे टेकून, कपाळ फळीला लावून भगवानरावांसमोर वाकलेली होती. ते तिच्याकडे बघतही नव्हते. ते मुलीचे बूट धरून बसले होते, कारण दुसरीकडे कुठे धरायचं ते त्यांना कळत नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, मान आणखी खेचली गेली असती तर ही उठलीच नसती. पायांत हळूहळू बळ आलं. डाव्या हातातही थोडं आलं. उजवा मात्र तसाच राहिला. भगवानरावांनी मला घरी नेलं आणि दिवाणखान्यातल्या कपाटावर, बुद्धाच्या मूर्तीशेजारी ठेवलं. मला वाटलं, आता मान मिळेल. पण कल्याणी घरी आली, तिने मला पाहिलं आणि मान वळवता येत नव्हती म्हणून डोळे मिटून घेतले.

"बाबा, ती तिकडून काढा," ती म्हणाली.

मी जिन्याखालच्या कपाटात गेले. केर ओढणारा हूवर, चिखलाचे बूट आणि मी. हॉलसाठी इंद्रजितने बटण दाबून वाजणारी घंटा घेतली, असं कानावर आलं. कोळ्यांनी माझ्या तड्यात घर केलं. दाराच्या फटीतून मला सगळं ऐकू यायचं. भगवानराव तिला भरवायचे, ती निमूट खायची. ओरडणं नाही, रडणं नाही. ती पुन्हा गप्प झाली होती, आणि या वेळी वाजवायला घंटा नव्हती. रात्री ते जिन्याच्या पायरीवर, अगदी माझ्या डोक्यावर बसत. मी उशीर केला, एवढंच ते स्वतःशी म्हणत. तुम्ही उशीर केला नाहीत, हे त्यांना सांगायला माझ्याकडे तोंड नव्हतं. माझं सगळं आयुष्य त्या दोघांच्या मधे असून काही न बोलता येण्यात चाललं होतं.

मग एक दिवस मियुकी आली, थेट जपानहून. तिला इंग्रजी फारसं येत नाही आणि मराठी मुळीच नाही. तिने हाताने घंटेचा आकार केला आणि भगवानरावांनी मला बाहेर काढलं. मियुकीने आपल्या बाहीने कोळ्याचं जाळं पुसलं. माझा तडा बघून तिने मला आधी नमस्कार केला, मग पलंगाशेजारच्या टेबलावर, कल्याणीच्या उजव्या हाताशी ठेवलं. जपानच्या हॉलमधल्या लोकांनी दिलेल्या रंगीत फिती तिने पलंगावर उधळल्या. कल्याणीच्या अंगावर, माझ्या अंगावर, भगवानरावांच्या टकलावरसुद्धा. कल्याणीकडे बघून ती तुटक इंग्रजीत म्हणाली की, पुढची घंटा तुझी. आणि निघून गेली. त्या दिवशी त्या घरात खूप दिवसांनी कुणी तरी रडलं, आणि ती कल्याणी होती. चांगली मोठमोठ्याने, अख्खी गल्ली डोक्यावर घेऊन.

त्यानंतर मी तिथेच आहे. रोज ती माझ्याकडे बघते आणि हात तसाच पडून राहतो. एखाद्या दिवशी ती बघतही नाही. मी आशा सोडली होती, हे कबूल करते. तडकलेल्या पितळेला आशा परवडत नाही.

आज सकाळी भगवानराव स्वयंपाकघरात पोहे परतत होते. माझ्या काठाला काही तरी लागलं. बोट होतं. एकदा लागलं, घसरलं, पुन्हा लागलं. माझ्यातून आवाज निघाला तो कसला म्हणायचा? फुटक्या वाटीला चमचा लागावा तसा. आयुष्यात इतका वाईट आवाज मी कधी काढला नव्हता. पण भगवानरावांच्या हातातला झारा खाली पडला आणि ते दारात येऊन उभे राहिले.

"बाबा," कल्याणी म्हणाली. "मी टॅप केली."

मित्रांनो, माझी एक विनंती आहे. मी भंगार दिसते, आल्यागेल्याला वाटतं की हिला काढून टाकावं. कुणी म्हणतं, पॉलिश करा, कुणी म्हणतं, तडा बुजवून घ्या. मला यातलं काही नको. तुमच्या घरातलं कुणी फार गप्प झालं, तर टाळ्या वाजवू नका, इशाऱ्याची वाट बघू नका, जे हाती लागेल ते वाजवा. आणि मला इथेच राहू द्या, तिच्या हाताला लागेन इतक्या जवळ.