जास्तीचा पाटा

माझ्या मागच्या चाकाच्या माथ्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत एक वीत आणि वर चार बोटे जागा आहे. माणसे बसली की ती कमी होते, उतरली की पुन्हा वाढते. हल्ली ती फारशी कमी होत नाही.

मित्रांनो, मी एक जुनी जीप आहे. माझी चारही चाके जोर लावतात, आणि कारखान्यातून निघाले त्यापेक्षा आता मी बरीच उंच आहे. माझे अंग पोलादी पट्ट्यांवर तोललेले आहे. किंचित वाकलेल्या या पट्ट्या एकावर एक रचून घट्ट आवळतात. त्यांना पाटे म्हणतात. खड्डा आला की पाटे दबतात आणि धक्का स्वतः सोसतात. शेजारचे शॉकअब, म्हणजे धक्का जिरवणारे दांडे, त्यांना उगाच नाचत राहू देत नाहीत. पण पाटे दबायला वर पुरेसे ओझे हवे. ओझ्याच्या मानाने ते कडक असले, तर खड्डा थेट बसणाऱ्याच्या पाठीत शिरतो.

बाबांनी मला घेतले तेव्हाच मी जुनी होते. बाबा दुकानांतले वजनकाटे तपासण्याचे काम करतात. काटा केसाएवढा ढळला तरी त्यांना चैन पडत नाही. सुट्टीत मात्र त्यांना डोंगरापलीकडच्या तळ्याकाठी तंबू ठोकून राहायचे असे. तिथे जायला गोट्यांनी भरलेला ओढा ओलांडावा लागतो. माझे पोट दगडांना घासू लागले, म्हणून गॅरेजच्या मिस्त्रींनी मला उंच केले. त्या दिवशी शेजाऱ्यांनी मला चारही बाजूंनी न्याहाळले आणि विचारले, "गाडी झकास झाली, पण शिडी कुठे ठेवलीत?"

बाबा, आई, ताई आणि तिचा धाकटा भाऊ, ज्याला सगळे बोका म्हणत, असे चौघे माझ्यात बसत. शिवाय तंबू, अंथरुणे, स्टोव्ह, पाण्याचे कॅन. एवढ्याने माझा मागचा भाग खाली बसे आणि प्रत्येक दगडावर खाडकन आवाज येई. ताई तेव्हा कॉलेजात होती. ती म्हणाली, "अंदाजाने नको, वजन करू या." तिने सगळ्यांना बाबांच्या मोठ्या काट्यावर उभे केले. आईने चपला काढल्या, तर ताई म्हणाली, "आई, गाडीत काय अनवाणी बसणार आहेस?" बोका खिशात दगड भरून चढला आणि पकडला गेला. शेवटी स्वतः ताई उभी राहिली. तिने सगळी बेरीज करून सांगितले, मागे एकेक पाटा वाढवायला हवा. मिस्त्री हसले. "वहिनी, पोरीला माझ्याकडे कामाला पाठवा. मी आपला लाथ मारून बघतो, ही बेरीज करते!"

तिचा हिशेब अगदी बरोबर निघाला. भरलेली असले की मी पाण्यावर नाव चालावी तशी चाले. मागे बसून बोका झोपून जाई आणि त्याचे डोके ताईच्या खांद्यावर पडे. तळ्याकाठी येणारी इतर माणसे माझ्याखाली वाकून बघत आणि बाबांना विचारत, कोणी बसवले हे? बाबा ताईकडे बोट दाखवत. मित्रांनो, गाडीला गर्व नसावा. पण मला होता.

मग ताई आजारी पडली. दवाखान्यात न्यायला बाबांनी मलाच सुरू केले होते. पण माझी पायरी उंच. ताईला चढवेना, आणि उचलून घेतले तर दुखत होते. शेवटी शेजाऱ्यांनी त्यांच्या बुटक्या गाडीतून तिला नेले. मी फाटकाशी इंजिन चालू ठेवून उभी होते. मला बंद करायचे कोणाच्या लक्षात राहिले नाही. ताई परत आली नाही.

त्यानंतर माझ्यावर ताडपत्री पडली. टायर बसले, रबरांना भेगा गेल्या, माझ्या टपावर मांजरीने पिल्ले घातली. बोका शिकून दूर नोकरीला गेला. मला वाटले, आता आपण भंगारात जाणार.

एका सकाळी आईनेच ताडपत्री ओढून काढली. बाबांना म्हणाली, "अहो, चला ना तळ्यावर. घरात तुम्ही तिचं नाव काढत नाही. तिकडे तरी काढाल."

ते दोघे निघाले. सामान थोडेसे, माणसे दोनच. पाटे मात्र चौघांचे. ते दबेनात. दर खड्ड्याला मी आईला सीटवरून उडवत होते आणि मला काहीच करता येत नव्हते. "ताक झालं माझं," आई हसून म्हणाली, "तळं येईपर्यंत लोणीही निघेल." पण तळ्याकाठी बाबा खरोखरच बोलले. ताई पोहायला कशी शिकली, तंबूचे खुंटे कशी चुकीच्या बाजूला ठोकायची, सगळे बोलले. म्हणून आई पुन्हा पुन्हा येत राहिली. परतल्यावर ती भिंतीला धरून चाले. पुढे तिच्या मणक्यातली गादी सरकली.

मिस्त्रींनी पहिल्या खेपेनंतरच सांगितले होते, "साहेब, जास्तीचा पाटा काढू या. अर्ध्या दिवसाचं काम." बाबा म्हणाले, "बघू पुढच्या खेपेला." त्यांनी नवे शॉकअब घातले. रबरे बदलली. टायरांतली हवा कमी केली. आईच्या सीटवर जाड गादी टाकली. मागे ताडपत्रीखाली वाळूची एक गोणी ठेवली, म्हणजे पाटे थोडे तरी दबतील. सगळे केले, त्या एका पाट्याला हात लावू दिला नाही. मग डॉक्टरांनी आईला बजावले, असे धक्के आणखी बसले तर प्रवास कायमचा बंद.

मित्रांनो, तुमच्या घरी जुनी गाडी असेल, सायकल असेल, तर तिला धुवा-पुसा, तेल घाला. पण आज तिच्यावर कोण बसते, तेही बघा. आम्हाला कालच्या ओझ्यासाठी घडवून ठेवले, तर आजच्या माणसाला आम्ही दुखवतो. आम्हाला ते नको असते, पण पोलादाला स्वतःहून नरम होता येत नाही.

या खेपेला आईही गॅरेजमध्ये आली. "पाठ माझी आहे," ती म्हणाली, "मिस्त्रींना मीच सांगते."

मला वर घेण्याआधी मिस्त्रींनी मागचे सामान काढायला घेतले. ताडपत्री सारून त्यांनी गोणीला हात घातला. "वाळूला हवा खायला नेता होय साहेब? बाप रे! गोणी आहे का माणूस?"

कोणी हसले नाही. मिस्त्रींनी गोणी तशीच सोडली. आई पुढे झाली. जुन्या तंबूच्या कापडाची ती गोणी बाबांनी हाताने शिवली होती. आईने तिच्यावर तळवा ठेवला.

"किती भरलीत?"

"काट्यावर भरली," बाबा म्हणाले.

आईने कापडाच्या शिवणीवरून बोट फिरवले. मग हळूच म्हणाली, "शेवटी पोर एवढी भरत नव्हती हो."

"मी आधीचं धरलं. आपण सगळे उभे राहिलो होतो, त्या दिवसाचं."

मिस्त्री बोळ्याने हात पुसू लागले. पुसून झालेले हात त्यांनी पुन्हा पुसले. आईने एका हाताने कंबर धरली आणि माझ्या मागच्या फळीवर टेकायला गेली, पण फळी तिला उंच पडली. बाबांनी तिला दंडाला धरून सावरले.

"मिस्त्री," ते म्हणाले, "तो जास्तीचा पाटा काढा. आता आम्ही दोघंच असतो."