साबणाचा उपाय

आमच्या सातपूरच्या कॉलनीमागं तलाव आहे. त्यात क्लबच्या दोन मोटारबोटी फिरतात, आणि त्याच तलावाचं पाणी पंपानं आमच्या नळाला येतं. कमिटीतल्या बारा इंजिनियरांना यात काही वावगं दिसत नाही. मला दिसतं, कारण माझी छकुली नऊ महिन्यांची आहे.

बोटवाला गेणू तरंगत्या बोटीतच नरसाळं लावून रॉकेल मिसळलेलं पेट्रोल भरतो. निम्मं इंजिनात, निम्मं तलावात. रविवारी संध्याकाळी पाण्यावर रंगीत तवंग पसरतो. श्रावणात छकुलीला जुलाब लागले, पिंपाला रॉकेलचा वास आला, तेव्हा मी सेक्रेटरीसाहेबांकडे गेले. मागणी एवढीच, की बोटीची टाकी काठावर आणून भरा. साहेबांनी मला तेल पाण्यावर तरंगतं हे समजावून सांगितलं. आपला पाइप तळाशी आहे, हेही. मी केमिस्ट्रीची बी.एस्सी.; मुकाट्यानं ऐकलं. शेवटी म्हणाले, उपाय करू.

उपाय पुढच्या रविवारी दिसला. गेणू घमेल्यातून साबणाची पावडर तलावावर शिंपडत होता. तवंग गेला. कमिटीनं टाळ्या वाजवल्या. साबणानं तेल नाहीसं होत नाही, पाण्यात मिसळतं, हे कढई घासणारी कुठलीही बाई सांगेल. पण या बाराजणांच्या कढया दुसरंच कुणी घासतं. वर तरंगणारं आता तळाच्या पाइपात निघालं होतं. मी घरी ह्यांना सांगितलं, तर ह्यांना आपली बढती आठवली.

मग एका सकाळी साहेबांच्या बंगल्यावरची फुलाबाई दोन हंडे घेऊन टेकाडावरून उतरताना दिसली. विचारलं, तर म्हणाली, "रावजीच्या मळ्यातल्या विहिरीचं हाय. नातवाला नळाचं सोसत नाय म्हणत्यात बाईसाहेब."

त्या रविवारी क्लबात सहकुटुंब चहा होता. साहेब तलावाच्या शुद्धतेवर बोलले. मी उठले. फुलाबाईचं नाव घेतलं नाही, तिची नोकरी गेली असती.

"साहेब, पाणी एवढं शुद्ध आहे, तर तुमचा नातू विहिरीचं का पितो?"

साहेबांना खरंच माहीत नव्हतं. त्यांनी बायकोकडे पाहिलं. बाईंनी बशी खाली ठेवली.

"बोटी आल्यापासून तेच आणतो. तुमच्या चहालासुद्धा."

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं आणि खोकल्यात लपवलं.

सोमवारी बोर्डावर नोटीस लागली: सभासदांच्या सोयीसाठी यापुढे इंधन काठावरच भरण्यात येईल, साबणाचा वापर बंद. सभासदांच्या सोयीसाठी! पाणी पिणाऱ्यांचा उल्लेख नव्हता. पाण्यात गेलेलं किती दिवसांनी निवळेल, याचाही नव्हता.

म्हणून छकुलीला कडेवर घेऊन मी मळ्यात गेले. आणखी एका घराला पाणी मिळेल का, असं रावजीला विचारलं.

"न्या की, ताई," तो म्हणाला. "कमिटीतली सात घरं नेत्यातच. तुमचं आठवं."