सतरा हात रंग

एस्पान्योला गावात देल्फिनो आर्चुलेटाच्या गाडीला नंबर नसता तरी चाललं असतं. चौसष्ट सालची इम्पाला, पोट रस्त्याला घासेल इतकी खाली बसवलेली, पंपांच्या जोरावर पुढची दोन्ही चाकं हवेत उचलणारी, आणि रंग पिकून काळपट झालेल्या चेरीचा. शेंबडं पोरसुद्धा लांबूनच सांगे, देल्फिनो आला. पण लेकीला, सेनाइदाला, फिनिक्सच्या इस्पितळात नर्सची नोकरी लागली. म्हाताऱ्या बापाला मागे ठेवायला ती तयार नव्हती आणि बाप गाडीला मागे ठेवायला तयार नव्हता. तेव्हा तिघंही न्यू मेक्सिको सोडून अॅरिझोनात आली.

राज्य बदललं की गाडीची नोंदणी नव्यानं करा, तपासणीला न्या, हे आलंच. देल्फिनोला धास्ती होती ती पंपांची, ते नियमात बसणार नाहीत म्हणून. आठवडाभर तो जेवताना सेनाइदाला समोर बसवून पंपांची वकिली पाठ करत होता. आणि तपासणीच्या बाई, मिस टॉलिव्हर, पंपांकडे एकदा बघून "छान बसवलेत" एवढंच म्हणाल्या. मग त्यांनी ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून दाराच्या खांबावर बॅटरी मारली. या गाड्यांचा चेसिस नंबर तिथंच असतो, बोटभर लांबीच्या लोखंडी पट्टीवर. खांब आरशासारखा गुळगुळीत होता.

"नंबर कुठाय, मिस्टर आर्चुलेटा?"

देल्फिनोनं वाकून खांब पाहिला आणि त्याला उमगलं. हे ओनेसिमोचं काम. ओनेसिमो म्हणजे त्याचा कोंपाद्रे, सेनाइदाचा बाप्तिस्म्याचा धर्मबाप, आणि त्या खोऱ्यातला सगळ्यात हट्टी रंगारी. गाडीवर काही उंचवटा दिसला की त्याला भाकरी गोड लागत नसे. त्यानं दारांच्या मुठी काढल्या, कंपनीची अक्षरं काढली, आणि एक दिवस ती नंबराची पट्टी डोळ्यांत खुपली म्हणून तीही नाहीशी केली. वर रंगाचे सतरा हात दिले. गावानं वाहवा केली, देल्फिनोनंही केली. नंबर लागतो कशाला, हा प्रश्न कुणाच्या डोक्यातच आला नाही. आता सांगा, अशी अक्कल एस्पान्योलाशिवाय कुठे मिळेल?

मिस टॉलिव्हर मुळीच रागावल्या नाहीत, तेच वाईट. त्यांनी समजावलं, की पट्टी रंगाखाली असेल तर तेवढा रंग खरवडून आणा, मी वाचते आणि अॅरिझोनाच्या नंबरपाट्या देते. पट्टी कापूनच टाकली असेल, तर मात्र गाडी चोरीची नाही ना, हे पोलीस बघतील आणि तोवर ती त्यांच्या आवारात राहील. शुक्रवारपर्यंतची मुदत त्यांनी दिली.

घरी येईपर्यंत देल्फिनोनं अॅरिझोना राज्याचा उद्धार केला. ओनेसिमो गेल्या हिवाळ्यात वारला होता. त्याच्या हातचं आता जगात जे काही उरलं होतं, ते बहुतेक या गाडीवर होतं, आणि तेच खरवडायचं?

"पापा, नखाएवढी जागा आहे," सेनाइदा म्हणाली.

"तुझ्या धर्मबापाच्या फोटोचं नाक खरवडू का? तेही नखाएवढंच आहे."

मंगळवार गेला, बुधवार गेला. गाडी गॅरेजात आणि देल्फिनो गाडीत. न खरवडावी तर ती कायमची तिथंच बसणार, आणि खरवडून पट्टी निघालीच नाही तर रंगही गेला आणि गाडीही. गुरुवारी दुपारी त्यानं शेवटी ओनेसिमोच्या बायकोला, आपल्या कोमाद्रेला, आदेलाइदाला, फोन लावला. परवानगी मागायची होती. ती रडेल, मग आपणही रडू, आणि निदान ते तरी उरकेल, असा त्याचा हिशेब होता.

आदेलाइदा हसत सुटली.

"कोंपाद्रे, तुम्हाला वाटतं तो रंग द्यायचा? अहो, तो खरवडायचा. एक हात द्यायचा आणि आठवडाभर घासत बसायचा. धुळीचा एक कण सापडला म्हणून अख्खं बॉनेट पत्र्यापर्यंत खरवडलं होतं त्यानं, तुम्हाला सांगितलंसुद्धा नाही. तुमच्या गाडीवर जेवढा रंग आहे ना, त्याच्या दसपट माझ्या अंगणात पडलाय. घ्या पॉलिश पेपर हातात."

"मला जमायचं नाही, कोमाद्रे."

"फोन तिथंच ठेवा. मी ऐकते."

देल्फिनोनं फोन गाडीच्या दाराच्या पायरीवर ठेवला, पाणी घेतलं, पॉलिश पेपर भिजवला आणि खांबाला लावला. कर्र, असा आवाज आला. तिकडून आदेलाइदा म्हणाली, दात घासताय की गाडी? सावकाश. तो सावकाश झाला. अजून सावकाश, ती म्हणाली. तीस वर्षं भिंतीपलीकडून ऐकलंय मी, त्याचं काम बरोबर चाललेलं असलं की मला काहीच ऐकू यायचं नाही, मग मी निर्धास्त झोपायचे. देल्फिनोनं बोटांतला जोर काढून घेतला. लाल पाणी मनगटावरून ओघळत होतं. एकेक हात उतरत होता, गडद, मग फिका, मग सोनेरी, मग पुट्टी.

"कोंपाद्रे, थांबलात का?" बऱ्याच वेळानं ती म्हणाली. "काहीच ऐकू येत नाहीये."

"नाही, कोमाद्रे. चालू आहे."

पलीकडे तिनं फोन ठेवला नाही. देल्फिनोला डोळे पुसायचे होते, पण हात ओले होते, म्हणून तो तसाच घासत राहिला. पुट्टीखालून एक आकडा वर आला, मग दुसरा. पट्टी शाबूत होती, खिळ्यांसकट.

शुक्रवारी मिस टॉलिव्हरनी बॅटरी मारली, नंबर वाचला, कागदाशी ताडला आणि सही केली. मग उगाच त्या जागेवरून बोट फिरवलं. रंग कुठे संपतो आणि लोखंड कुठे सुरू होतं, ते बोटाला समजेना. त्यांनी पुन्हा फिरवलं.

"ज्यानं गाडी रंगवली त्याच्याकडूनच करून घेतलंत ना हे?" त्यांनी विचारलं.

देल्फिनो हो म्हणाला. नव्या पाट्या त्यानं काखोटीला मारल्या आणि आदेलाइदाला हे कधी सांगतो असं होऊन तो गाडीकडे निघाला.