फरशीखालची कोरडी माती

मिस्त्रीने पहार घालून तिसरी फरशी उचकटली, तेव्हा आप्पा दारात चहाचा कप धरून उभे होते. चहा मिस्त्रीसाठीच होता, पण तो पुढे करायचं काही त्यांना सुचत नव्हतं. चहावर साय धरली होती.

"अजून एक काढावी लागेल," मिस्त्री म्हणाला.

"काढा की," आप्पांचा मुलगा म्हणाला. "हवी तर सगळी खोली उकरा. पण बाळ घरात यायच्या आत हा वास गेला पाहिजे."

सून बाहेर पॅसेजमध्ये उभी होती, एक हात कमरेवर, दुसऱ्या हातातला रुमाल नाकाला. तिला आठवा महिना सरत आला होता. दिवस गेल्यापासून तिचं नाक इतकं तिखट झालं होतं, की शेजारी कांदा चिरला तरी तिला इकडे कळे. या मागच्या खोलीत काहीतरी कुबट, आंबूस वास येतो हे पहिल्यांदा तिनेच सांगितलं. मुलगा आधी हसला, मग त्यालाही यायला लागला. भिंतीपलीकडे बाथरूम, घर चाळीस वर्षांचं. पाइप फुटलाय, दुसरं काय असणार? चार महिने खपून त्यांनी ओटा बदलला, खिडक्या बदलल्या, रंग काढला. शेवटची राहिली होती ती ही बाळाची खोली, आणि नेमकी हिलाच ही पीडा लागली.

पाइपला काहीही झालेलं नाही, हे त्या घरात एकाच माणसाला ठाऊक होतं. आणि तो माणूस चहाचा कप धरून, मूग गिळून दारात उभा होता.

तीन महिन्यांपूर्वी आप्पांचं अंथरूण पहिल्यांदा ओलं झालं. आधी त्यांना वाटलं, तांब्या लवंडला. तांब्या होता तसाच होता. मग त्यांना जे वाटलं ते सांगायची सोय नाही. आप्पा आयुष्यभर वजनंमापं तपासायच्या खात्यात होते. दुकानात शिरले की वाणी उठून उभे राहायचे. काट्याखाली चिकटवलेलं नाणं असो की मापाचं चेपलेलं बूड, आप्पांच्या नजरेतून काही सुटत नसे. आणि पकडला गेलेला माणूस कितीही गयावया करो, आप्पा त्याला सगळ्या गिऱ्हाइकांदेखत "मोठ्याने सांग काय केलंस ते" म्हणायचे. असा माणूस सकाळी उठून स्वतःची चादर बगलेत मारून चोरासारखा घरात फिरू लागला.

सुरुवातीला निभावलं. मुलगा-सून कामावर गेले, की चादर धुवायची, मागच्या बाजूला वाळत घालायची, तीन वाजता घडी करून कपाटात. मग सून रजेवर घरी बसली. आता धुवायचं कधी? मागच्या खोलीत कुणी फिरकत नव्हतं. तिथल्या भिंतीतल्या जुन्या लाकडी कपाटात खालच्या फळीवर आप्पा ओल्या चादरी कोंबून ठेवू लागले, सून डॉक्टरकडे नाहीतर फिरायला गेली की काढून धुवायच्या म्हणून. कधी ती दोन-दोन दिवस बाहेर पडायचीच नाही. या खोलीचं काम निघालं तेव्हा त्यांनी चादरी काढल्या, फळी फिनेलने तीनदा पुसली. पण लाकूडच ते. जे प्यायचं ते पिऊन बसलं होतं.

चौथी फरशी निघाली. मिस्त्रीने हाताने माती बाजूला केली, पाइप उघडा पाडला, त्यावरून बोट फिरवलं. माती पिठासारखी कोरडी होती. तेवढ्यात मुलाचा फोन वाजला, तो बोलत बोलत अंगणात गेला. सूनही पाय दुखतात म्हणून जाऊन बसली.

मिस्त्री उठला. साठीचा, किडकिडीत माणूस. भिंतीवर हात ठेवत ठेवत तो कोपऱ्यापर्यंत गेला, कपाटाचं दार उघडलं, गुडघ्यावर बसून खालच्या फळीशी तोंड नेलं. तसाच क्षणभर राहिला. मग मान वळवून त्याने दाराकडे पाहिलं.

आप्पांची कानशिलं तापली.

"चहा द्या ना," मिस्त्री म्हणाला.

गार झालेला चहा त्याने एका घोटात संपवला. मुलगा परत आला, तेव्हा तो पाना घेऊन पाइपशी बसला होता.

"सापडलं का काही?"

"सापडलं. हा सांधा आहे ना, जुना. झिजलाय. बदलून टाकतो."

"बघा! मी म्हणत नव्हतो?" मुलगा खूश झाला. "आप्पा, ऐकलंत? सांधा!"

"हो, हो," आप्पा म्हणाले. "सांधाच असणार."

मिस्त्रीने चांगला धडधाकट सांधा कापून काढला आणि नवा बसवला. हत्यारं आवरताना, दोघंच असताना, तो खाली बघून एवढंच म्हणाला, "ती फळी तेवढी बदलून घ्या आप्पा. जुनी झालीय."

"जुनीच आहे ती," आप्पा म्हणाले. आभारसुद्धा मानले नाहीत. आभार मानायचे म्हणजे कशाबद्दल ते कबूल करावं लागलं असतं.

फळी काढायचा त्यांनी प्रयत्न केला नाही असं नाही. दोन दुपारी ते स्क्रू ड्रायव्हर घेऊन कपाटात डोकं घालून बसले. पण स्क्रू गंजून लाकडात एकजीव झालेले. आप्पांच्या मनगटात काय जोर उरला होता? सुतार बोलवावा, तर कशाला म्हणून सांगायचं? आज करू, उद्या करू म्हणत राहिले. फरशी बसली, भिंतीला फिकट पिवळा रंग लागला, आणि पाचव्या दिवशी सुनेने खोलीत पाऊल टाकून रुमाल पुन्हा नाकाला लावला.

मुलगा जो भडकला तो भडकलाच. फोनवर तो इतक्या मोठ्याने बोलत होता, की आप्पांना आपल्या खोलीत शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"फसवलंत तुम्ही आम्हाला, मिस्त्री. नाही नाही, तुम्ही ऐका. चांगली फरशी फोडून ठेवलीत, आणि वास आहे तिथेच. ऑफिसातल्या दोघांना मी तुमचं नाव सांगून बसलोय. आजच सांगतो त्यांना, या माणसाला दारात उभं करू नका म्हणून!"

आता सांगावं, आप्पांच्या मनात आलं. आत्ता उठावं आणि सांगावं. ते उठलेही. दारापर्यंत गेले, आणि तिथून परत फिरून पलंगावर बसले. आपण इतके भित्रे आहोत हे त्यांना सत्तराव्या वर्षी कळत होतं, आणि ते कळणंही काही सुखाचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री आला. मुलाने त्याला दारातच धरलं. गेली तीस वर्षं हेच करताय का, लोकांच्या घरात गरोदर बाई आहे हे तरी बघायचं, थोडी तरी लाज? मिस्त्री मान खाली घालून ऐकत राहिला. आप्पांकडे त्याने एकदाही पाहिलं नाही. त्याने पाहिलं असतं तर बरं, असं आप्पांना वाटून गेलं.

"चुकलं साहेब," तो म्हणाला. "भिंतीतली लाइन असेल. उघडून बघतो."

त्याने छन्नी लावली. हातोड्याचा पहिला घाव बसला आणि हातभर प्लास्टर, नव्या पिवळ्या रंगासकट, खाली आलं. सुनेच्या तोंडून "अगं आई!" निघालं. पाळण्यामागची म्हणून तिने स्वतः रंग निवडलेली भिंत होती ती. मिस्त्रीने हातोडा पुन्हा उचलला.

"थांबा," आप्पा म्हणाले.

आवाज इतका बारीक निघाला, की कुणाला ऐकूच गेला नाही. त्यांनी पुढे होऊन मिस्त्रीचा दंड धरला.

"थांबा हो. पाइपला काही झालेलं नाही."

"आप्पा, तुम्ही मध्ये पडू नका," मुलगा म्हणाला.

"माझं अंथरूण ओलं होतं," आप्पा म्हणाले. "तीन महिने झाले. चादरी मी त्या कपाटात लपवायचो. वास त्याचा आहे."

छन्नीवरची धूळ खाली पडत होती.

"मिस्त्रींना पहिल्याच दिवशी कळलं होतं. माझी अब्रू झाकायला खोटं बोलले ते. आणि काल तू त्यांना बोलत होतास, तेव्हा मी आत बसून ऐकत होतो." आप्पांनी मिस्त्रीसमोर हात जोडले. "मला माफ करा."

"अहो, काय हे आप्पा!" मिस्त्री एकदम कानकोंडा झाला. आप्पांचे हात सोडवायला जाऊन त्याने हातोडाच पायावर पाडून घेतला असता. "हात खाली करा आधी."

मुलाचा चेहरा उतरला होता. तो एकदा भिंतीतल्या भगदाडाकडे, एकदा आपल्या हातातल्या फोनकडे बघत होता. वडिलांकडे बघायचं मात्र त्याला जमेना.

"मिस्त्री, मी..." तो म्हणाला. "सॉरी. फार बोललो मी. त्या दोघांना फोन करतो आत्ता."

"करा सावकाश. मी एवढं बुजवून घेतो," मिस्त्री म्हणाला, आणि घमेलं आणायला बाहेर गेला. त्याला बाहेर जायलाच हवं होतं.

सून खोलीत नव्हती. आप्पा पॅसेजमध्ये आले, तर ती त्यांच्या खोलीत, एका हाताने पलंगाची कड धरून, पोट सांभाळत खाली वाकलेली. पलंगाखालची गाठ मारलेली प्लास्टिकची पिशवी तिने बाहेर ओढली होती. त्यात परवाची चादर होती, आणि कालची.

"ए, तू नको हात लावूस त्याला!" आप्पा धावले आणि त्यांनी पिशवीचं दुसरं टोक धरलं. "ठेव ती. ठेव म्हणतो ना!"

"सोडा हो आप्पा." ती दमून लाल झाली होती. "महिन्याभराने दिवसातून दहा वेळा हेच करायचंय मला. आजपासून हात बसू दे."

"ते वेगळं."

"असेल वेगळं. सोडा."

आप्पा सोडेनात, तीही सोडेना. सासरा-सून पिशवी धरून उभे, आणि दोघांचेही डोळे भरून आलेले. तेवढ्यात मुलगा आत आला आणि काही न बोलता पिशवी दोघांच्याही हातातून काढून घेऊन मोरीकडे गेला.

त्याने जन्मात कपडे धुतले नव्हते. नळाखाली बादली लावून तो तसाच उभा राहिला. आप्पा मोरीच्या दाराशी गेले. आत जायची लाज, जायचं नाही म्हटलं तरी लाज.

"गरम पाणी घेऊ ना?" मुलाने पाठमोऱ्यानेच विचारलं.

"गरम नको. वास धरून ठेवतं. आधी गारात भिजव, अर्धा तास." आप्पांनी पावडरीच्या डब्याकडे बोट केलं. "मग पावडर. दीड झाकण. जास्त घातलीस तर फेस निघता निघत नाही."

"आणि वाळत?"

"मागच्या बाजूला. तिथे खिळ्याला एक दोरी बांधलीय मी, कंपाउंडच्या आड."

नळाचं पाणी बादलीत पडत राहिलं.

"तिकडे ऊन कुठे असतं?" तो म्हणाला. "पुढे घालू, अंगणात."

"अरे, पण रस्त्यावरून लोक जातात."

"जाऊ देत."

तासाभराने तो पिळलेल्या चादरी खांद्यावर टाकून पुढच्या दाराने बाहेर पडला. आप्पा चिमट्यांची टोपली घेऊन, मान वर न करता, त्याच्यामागून गेले.