दिवसाउजेडीची पंगत

मी एक जुनी लोखंडी कढई आहे. देवळा तालुक्यातल्या एका कांदे पिकवणाऱ्या गावात, मारुतीच्या देवळामागच्या खोलीत मी राहते. माझा घेर एवढा मोठा, की दोन्ही कड्यांतून बांबू घालून चौघांनी जोर लावल्याशिवाय मी जागची हलत नाही. मी कुणा एका घराची नाही. सगळं गाव मला ‘गावकीची कढई’ म्हणतं.

माझा जन्म जुन्या नाशकातल्या एका लोहाराच्या भट्टीवर झाला. त्याला साठाच्या वर वर्षं उलटली. बैलगाडीतून गावात आले, तेव्हा बायकांनी मला हळदीकुंकू लावलं होतं. त्यानंतर कितीतरी वर्षं या गावात माझ्याशिवाय लग्नाची पंगत बसली नाही. वांग्याची भाजी असो की बुंदी, चुलाण पेटलं की मी त्याच्यावर चढायची आणि धुराचा वास लागला की माणसं आपोआप गोळा व्हायची. कुणी कांदा चिरायला बसायचं, कुणी वाढायला उभं राहायचं. आमंत्रणाची वाट कुणी बघायचं नाही. मला तेव्हा फार अभिमान वाटायचा.

पण मित्रांनो, माझ्या खोलीला कुलूप होतं. किल्ली गावकीचे पुढारी पुंजाअण्णा यांच्या घरी असायची, आणि त्यांच्या आधी त्यांच्या वडिलांकडे. गावाच्या रीतीबाहेर कुणी वागलं, की त्याला शिवी नाही, मार नाही. फक्त सांगायचं, ‘कढई मिळणार नाय.’ एवढ्यावर सगळे समजायचे. त्या घरी मग कांदा चिरायला कुणी जात नसे आणि जेवायलाही कुणी जात नसे. गावातल्याच वाळूच्या मुलीने स्वतःच्या पसंतीने लग्न केलं, तेव्हा असंच झालं. वाळू पुढे घरदार बंद करून अंबडला कारखान्यात कामाला निघून गेला. मी कुणाला चटका दिला नव्हता, तरी त्याच्या जिव्हारी जे लागलं ते माझ्याच नावाने लागलं. हे मी कधी विसरले नाही.

याच गावात साळूबाई राहते. तिचा एकुलता मुलगा सोमनाथ तीन वर्षांपूर्वी आजाराने गेला. सून योगिनी तेव्हा पंचवीस वर्षांची होती. दोघींनी मिळून शेत सांभाळलं. यंदा साळूबाईने सुनेसाठी स्थळ पाहिलं. मुलगा धनराज, अंबडला फिटर आहे, त्याचीही पहिली बायको वारलेली. दोघं एकमेकांशी बोलली, पसंती झाली आणि साळूबाई योगिनीला घेऊन देवळाच्या ओट्यावर आली. तिथे पुंजाअण्णा चारचौघांत बसले होते.

“अण्णा, पोरीचं लग्न हाय. कढई पायजे,” साळूबाई म्हणाली.

अण्णा म्हणाले, “साळूवहिनी, विधवेचं दुसरं लग्न, पाट लावायला कुणाची ना नाय. पूर्वीपासून लावतातच. पण पाट गुपचूप लावायचा असतो, अंधार पडल्यावर. मांडव, वाजंत्री, गावपंगत, ही आपल्यात रीत नाय.”

“अंधारात कशापायी? तिनं काय चोरी केलीय?”

“मी नाय केली रीत. तिला मोडणारा मी कोण?”

योगिनी आतापर्यंत खाली बघत होती. तिने मान वर केली. “अण्णा, सोमनाथ गेले तेव्हा सगळं गाव माझ्या दारात रडायला आलं होतं. मग हसायला का येऊ नये? मी लपून जाणार नाय.”

अण्णा उठून गेले. बाकीचेही उठले.

ओट्यावर दोघीच उरल्या. योगिनी हळूच म्हणाली, “आई, देवळ्याहून केटरर आणू. गॅस, भांडी सगळं तेच आणतात.”

“स्वैपाक होईल गं,” साळूबाई म्हणाली. “पण जेवणार कोण? कढई आली तर गाव येतं. मला भाजी नको, गाव पायजे. तारीख बदलायची नाय, मांडवही कमी करायचा नाय.”

आणि तिने खरंच मांडव घातला. लग्नाच्या सकाळी तिच्या अंगणात विटांचं चुलाण मांडून तयार होतं, लाकडं रचलेली होती आणि वर ठेवायला काही नव्हतं. मी कुलपाआड बसून होते. लोखंडाला पाय असते तर मी चालत गेले असते.

तेवढ्यात कुलूप वाजलं. दार उघडलं. समोर भागीबाई उभी होती, पुंजाअण्णांची आई. वय ऐंशीच्या पुढे, एका हातात काठी, दुसऱ्या हातात किल्ली. मागून अण्णा धावत आले. “माय, हे काय चाललंय? लोक काय म्हणतील?”

भागीबाई वळली. “पुंजा, तुझ्या बापाच्या घरात मी कशी आले, ठाऊक हाय तुला?”

अण्णांनी किल्लीसाठी पुढे केलेला हात मागे घेतला.

“पाटानं आले. डोक्यावर घोंगडी टाकून, मागच्या दारानं. वीस वर्षांची होते मी. एका बाईनं माझं तोंड बघितलं नाय, अपशकुन होतो म्हणून. ही कढई याच खोलीत होती. कुणी हलवली नाय तिला.” तिने काठीने माझी कड ठोकली. “ह्या पोरीला मी तसं जाऊ देणार नाय.”

खरं होतं ते. मी इथेच होते.

साळूबाईच्या शेजारणी दाराशी जमल्या होत्या. सरुबाई पुढे झाली आणि तिने बांबू उचलला. या गावात मला कधी बायकांनी उचललं नव्हतं. त्या दिवशी सहा जणींनी उचललं. वाटेत दोनदा टेकवलं, पुन्हा उचललं आणि भर उन्हात, गावाच्या मधल्या रस्त्याने मला नेलं. दारादारांत माणसं उभी होती. कुणी आत गेलं, कुणी मागे चालू लागलं. मागे चालणारी जास्त निघाली.

दुपारी अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली आणि पंगत बसली. पहिल्या पानावर भागीबाई बसली. तेवढ्यात मांडवाच्या तोंडाशी पुंजाअण्णा दिसले. वाजंत्री थबकली. अण्णा सरळ माझ्याजवळ आले, बादलीत भाजी भरून घेतली आणि पहिल्यांदा आपल्या आईच्या पानावर वाढली.

“घे माय.”

“वाढ,” भागीबाई म्हणाली. “साठ वर्षं उशीर झालाय. थोडी जास्तच वाढ.”

मित्रांनो, आता माझ्या कड्या झिजल्या आहेत. पुष्कळ लग्नं मंगल कार्यालयात होतात, तिथे मला बोलावणं नसतं. वापर झाला नाही की मला गंज चढतो, म्हणून वर्षातून एकदा तेलाचं बोट फिरवा, एवढं मागते. आणखी एक मागते. तुमच्या घरात, गावात कुणी कुणाला ‘आपल्यात अशी रीत नाही’ म्हणून दूर ठेवलं, तर मुकाट मान हलवू नका. आदराने जवळ बसा आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारा, ‘आजी, ही रीत तुमच्या वाट्याला कशी आली?’ ती बोलायला लागली, की मधे तोडू नका.